पूर्वनिर्धारित प्रोग्राम

पूर्वनिर्धारित प्रोग्राम, अर्थात व्यवहारातील डिफॉल्ट प्रोग्राम, म्हणजे वापरकर्त्याने एखादी फाइल उघडताना विशिष्ट प्रोग्रामचे नाव सांगितले नसेल, तर ती उघडण्यासाठी संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आपोआप ज्या प्रोग्रामची योजना करते तो प्रोग्राम होय. पडद्यावरील फाइलच्या चिन्हावर दोनदा क्लिक केल्यावर चित्र, गाणे किंवा मजकूर ज्या खिडकीत उघडतो, ती खिडकी याच प्रोग्रामची असते. संकेतस्थळाच्या किंवा ईमेलच्या दुव्यांनाही हीच व्यवस्था लागू असते.

एकाच प्रकारची फाइल उघडू शकणारे अनेक प्रोग्राम एका संगणकावर असणे ही आता नित्याची गोष्ट आहे. पीडीएफ फाइल ब्राउझर दाखवतो आणि पीडीएफ वाचण्याचा खास प्रोग्रामही दाखवतो. छायाचित्र पाहण्याचा प्रोग्राम एक असतो आणि त्यात दुरुस्ती करण्याचा दुसरा. अशा वेळी पहिला अधिकार कोणाचा, हे वापरकर्त्याने ठरवावे, प्रोग्रामच्या निर्मात्याने ठरवावे, की संचालन प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीने, हा प्रश्न १९९० च्या दशकापासून वादाचा ठरला आहे. नव्याने बसवलेल्या प्रोग्रामने न विचारता हा अधिकार स्वतःकडे घेऊ नये, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते आणि प्रमुख संचालन प्रणालींनी त्यासाठी कमीअधिक निर्बंधही घातले आहेत. मात्र हे निर्बंध घालणाऱ्या कंपन्या स्वतःही प्रोग्राम पुरवतात. त्यामुळे हा विषय सोयीपुरता मर्यादित न राहता स्पर्धा-कायद्यापर्यंत पोहोचला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

या विषयात तीन गोष्टींमध्ये भेद करणे आवश्यक असते. पहिली गोष्ट क्षमता: एखादा प्रोग्राम अमुक प्रकारची फाइल उघडू शकतो की नाही. दुसरी नोंदणी: ही क्षमता आपल्याकडे आहे, असे प्रोग्रामने संचालन प्रणालीला कळवणे. नोंदणी झालेल्या प्रोग्रामचे नाव ‘याने उघडा’ या यादीत दिसू लागते. तिसरी नेमणूक: नोंदणी झालेल्या प्रोग्रामांपैकी एकाला पूर्वनिर्धारित ठरवणे.

क्षमता आणि नोंदणी कितीही प्रोग्रामांची असू शकते. नेमणूक मात्र एका वेळी एकाचीच होते. म्हणून नोंदणी केल्याने दुसऱ्या कोणाचे काही हिरावले जात नाही, परंतु नेमणूक बदलली की आधीच्या प्रोग्रामचे स्थान जाते. या विषयावरील बहुतेक तक्रारींच्या मुळाशी नोंदणी करत असतानाच नेमणूकही उरकून घेण्याची प्रथा आढळते.

कार्यपद्धती

फाइल उघडण्याची क्रिया तीन टप्प्यांत होते. प्रथम फाइलचा प्रकार ओळखला जातो. त्यासाठी सर्वांत रूढ खूण म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे, म्हणजेच एक्सटेन्शन. काही प्रणाली फाइलसोबत वेगळी साठवलेली माहिती पाहतात, तर काही फाइलच्या आरंभीची ठरावीक चिन्हे तपासतात. ईमेलमधून जाणाऱ्या आशयाचे प्रकार सांगण्यासाठी १९९२ मध्ये ‘माइम’ नावाची प्रमाणित पद्धत मांडली गेली. पुढे ती वेब आणि लिनक्स यांच्यातही स्वीकारली गेली.

दुसऱ्या टप्प्यात संचालन प्रणाली आपल्या नोंदवहीत त्या प्रकारापुढे कोणत्या प्रोग्रामचे नाव आहे ते पाहते. ही नोंदवही सामान्यतः स्तरांची असते. वापरकर्त्याने स्वतः केलेली निवड सर्वांत वरच्या स्तरावर, संगणकाच्या व्यवस्थापकाने सर्वांसाठी केलेली निवड त्याखाली आणि प्रणालीसोबत आलेली मूळ नेमणूक तळाशी असते. तिसऱ्या टप्प्यात तो प्रोग्राम सुरू करून त्याच्याकडे फाइलचे नाव सोपवले जाते.

ही सर्व क्रिया निमिषार्धात घडत असल्यामुळे वापरकर्त्याला तिचे अस्तित्व जाणवत नाही. आपण केवळ ‘फाइल उघडली’ असे त्याला वाटते. नेमणूक बदलल्यावर फाइल तीच असते, परंतु तिचे चिन्ह बदलते आणि ती अनोळखी खिडकीत उघडते. त्यामुळे फाइल बिघडली किंवा हरवली, असा समज होणे स्वाभाविक असते.

इतिहास

आरंभीच्या पद्धती

१९८४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल मॅकिंटॉश संगणकात प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांचे दोन संकेत साठवले जात. एक संकेत फाइलच्या प्रकाराचा आणि दुसरा ती निर्माण करणाऱ्या प्रोग्रामचा असे. परिणामी एकाच प्रकारच्या दोन फायली दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये तयार झालेल्या असल्यास प्रत्येक फाइल आपापल्या प्रोग्राममध्ये उघडत असे. या पद्धतीत नवीन प्रोग्राम आल्याने जुन्या फायलींची नेमणूक सहसा ढळत नसे. तिची मर्यादा ही, की इतर प्रकारच्या संगणकांवरून आलेल्या फायलींना असे संकेत नसत. २००९ मध्ये आलेल्या मॅक ओएस एक्स १०.६ या आवृत्तीपासून फाइल उघडताना निर्मात्या प्रोग्रामचा संकेत विचारात घेणे थांबले.

मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीत फाइलच्या नावासाठी आठ आणि एक्सटेन्शनसाठी तीन अक्षरांची मर्यादा होती. तेथे वापरकर्ता आधी प्रोग्राम सुरू करी आणि मग त्यातून फाइल उघडी. त्यामुळे नेमणुकीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये एक्सटेन्शन आणि प्रोग्राम यांच्या जोड्या लिहिलेल्या असत. १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ पासून ही माहिती ‘रजिस्ट्री’ या मध्यवर्ती कोठारात राहू लागली. या कोठारात कोणताही प्रोग्राम लिहू शकत असे. फाइलवर क्लिक करून काम करण्याची पद्धत याच काळात सार्वत्रिक झाली आणि नेमणुकीला व्यापारी मोल आले.

ध्वनी-चित्रफितींच्या प्रोग्रामांची चढाओढ

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेटवरून ध्वनी आणि चित्रफिती ऐकण्या-पाहण्याचे प्रमाण वाढले. रियलप्लेअर, क्विकटाइम आणि विंडोज मीडिया प्लेअर हे या क्षेत्रातील प्रमुख प्रोग्राम होते. यांपैकी एक बसवला की गाण्यांच्या फायली त्यात उघडू लागत आणि दुसरा बसवला की त्या दुसऱ्याकडे जात. काही प्रोग्राम तर प्रत्येक वेळी सुरू होताना आपली नेमणूक कायम आहे की नाही हे तपासून ती परत मिळवत असत.

जुलै १९९८ मध्ये रियलनेटवर्क्सचे प्रमुख रॉब ग्लेसर यांनी अमेरिकेच्या सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे साक्ष दिली. मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम बसवल्यावर आपला प्रोग्राम नीट चालत नाही, असे त्यांनी तेथे दाखवले. मायक्रोसॉफ्टने हा आरोप नाकारला आणि दोष रियलनेटवर्क्सच्याच प्रोग्राममध्ये असल्याचे सांगितले. दोन कंपन्यांमधील हा संघर्ष पुढे न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये ७६.१ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्या तडजोडीत इतरही अनेक मुद्द्यांचा समावेश होता. तथापि वापरकर्त्याच्या एका क्लिकवर कोणाचा हक्क, या प्रश्नाचे आर्थिक महत्त्व या प्रकरणाने ठळक झाले.

प्रोग्रामने स्वतःची नेमणूक करावी का?

अनुकूल मते

प्रोग्रामने ही नेमणूक स्वतः करावी, या मताच्या बाजूने मुख्यतः तीन मुद्दे मांडले जातात. पहिला असा, की वापरकर्त्याने एखादा प्रोग्राम शोधून, उतरवून घेऊन बसवला असेल, तर तो वापरण्याची त्याची इच्छा त्या कृतीतूनच व्यक्त होते. दुसरा मुद्दा नवशिक्या वापरकर्त्यांचा आहे. नेमणूक कशी बदलावी हे अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे प्रोग्राम बसवूनही फाइल जुन्याच खिडकीत उघडते आणि नवा प्रोग्राम चालत नाही असा ग्रह होतो. तिसरा मुद्दा स्पर्धेचा आहे. संगणकासोबत आलेल्या प्रोग्रामला जन्मतःच नेमणूक मिळालेली असते. बाहेरच्या प्रोग्रामला ती मिळवण्याचा सोपा मार्ग नसेल, तर स्पर्धा समान पातळीवर होत नाही.

प्रोग्रामचे स्वतःचे खास फाइल-स्वरूप असेल, तर मात्र याविषयी फारसा मतभेद नाही. उदाहरणार्थ, त्रिमितीय चित्रणाच्या ब्लेंडर या प्रोग्रामच्या मूळ स्वरूपातील फाइल ब्लेंडरनेच उघडावी, यात कोणाचे नुकसान नसते. वाद असतो तो मजकूर, चित्रे, ध्वनी, पीडीएफ, संकुचित फायली आणि वेबपृष्ठे अशा सामाईक स्वरूपांविषयी.

प्रतिकूल मते

विरोधी बाजूचा मूळ मुद्दा संमतीचा आहे. प्रोग्राम बसवणे म्हणजे तो उपलब्ध करून घेणे. त्याला सर्व फायलींचा पहिला अधिकार देणे नव्हे. छायाचित्रांत दुरुस्ती करण्याचा मोठा प्रोग्राम बसवणाऱ्यास प्रत्येक छायाचित्र त्यातच उघडून पाहायचे असते असे नाही. उलट पाहण्यासाठी लहान आणि झटपट उघडणारा प्रोग्रामच त्याला हवा असण्याची शक्यता अधिक.

दुसरा मुद्दा सर्वांनी तसेच वागल्यास काय होईल, हा आहे. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनी आपल्या लेखनातून प्रोग्रामच्या वर्तनासाठी एक सोपी कसोटी लोकप्रिय केली: दोन प्रोग्रामांनी हेच केले तर काय होईल? दोन प्रोग्राम प्रत्येक वेळी सुरू होताना स्वतःची नेमणूक करून घेऊ लागले, तर शेवटी सुरू झालेला प्रोग्राम जिंकेल आणि वापरकर्त्याची निवड दोघेही पुसून टाकतील. जी पद्धत एकानेच वापरली तरच चालते, ती सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही, असा या युक्तिवादाचा आशय आहे.

तिसरा मुद्दा मानवी स्वभावाचा आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवयवदानाच्या अभ्यासात, नागरिकाला स्वतः संमती नोंदवावी लागणाऱ्या जर्मनीत संमतीचे प्रमाण १२ टक्के, तर नकार नोंदवला नाही तर संमती गृहीत धरणाऱ्या ऑस्ट्रियात ते ९९ टक्क्यांहून अधिक असल्याचे दाखवले. आधीच ठरवून ठेवलेला पर्याय बहुतेक माणसे तसाच राहू देतात, हे तत्त्व इतर क्षेत्रांतही आढळले आहे. म्हणून ‘नको असेल तर बदला’ हे उत्तर पुरेसे नाही, असे टीकाकार म्हणतात. जो आधी ठरवतो, तोच बहुतेकांसाठी कायमचे ठरवतो.

आधीच खूण केलेली चौकट, ‘नाही’ म्हटल्यावरही दर वेळी पुन्हा विचारला जाणारा प्रश्न आणि नकाराचे बटण दुर्लक्षित राहील अशी मांडणी, या प्रकारांवरही टीका होते. अशा वेळी वरकरणी संमती घेतलेली असली, तरी ती कंटाळून किंवा अनवधानाने दिलेली असते.

सुरक्षिततेशी संबंध

फाइल कोणता प्रोग्राम उघडतो यावर संगणकाची सुरक्षितताही अवलंबून असते. ४ मे २००० रोजी पसरू लागलेल्या ‘आय लव्ह यू’ या घातक प्रोग्रामने याचा प्रत्यय दिला. ईमेलसोबत आलेली त्याची फाइल साध्या मजकुराची भासत असे, कारण तिच्या नावात मजकूर-फाइलचे एक्सटेन्शन आधी आणि खरे, म्हणजे आज्ञावलीचे, एक्सटेन्शन शेवटी होते. विंडोजमध्ये परिचित एक्सटेन्शन लपवण्याची मूळ रचना असल्यामुळे शेवटचा भाग अनेकांना दिसत नसे. क्लिक करताच त्या प्रकारासाठी नेमलेला प्रोग्राम ती आज्ञावली दाखवण्याऐवजी चालवत असे. यावरचा एक उपाय नेमणुकीतच आहे: आज्ञावलीच्या फायलींसाठी नोटपॅडसारख्या मजकूर-संपादकाची नेमणूक केल्यास चुकून क्लिक झाले तरी आज्ञा चालत नाहीत, केवळ अक्षरे दिसतात.

२००१ मधील ‘सरकॅम’ या घातक प्रोग्रामने विंडोजमधील प्रोग्राम चालवण्याचीच नेमणूक बदलली होती. कोणताही प्रोग्राम सुरू केला तरी आधी सरकॅम चालत असे. केवळ त्याची फाइल पुसून टाकली आणि रजिस्ट्रीतील नोंद दुरुस्त केली नाही, तर संगणकावरील इतर प्रोग्रामही सुरू होईनासे होत. नेमणुकांची नोंदवही सर्वांना खुली ठेवण्यातील धोका अशा घटनांमुळे स्पष्ट झाला.

आशयावर होणारा परिणाम

भिन्न प्रोग्राम एकच फाइल भिन्न रीतीने वाचू शकतात. स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यांच्या, म्हणजे सीएसव्ही फायली याचे ठळक उदाहरण आहेत. मायक्रोसॉफ्ट एक्सेल या प्रोग्रामला तारखेसारखी दिसणारी अक्षरे तारखेत बदलण्याची सवय आहे. त्यामुळे मानवी जनुकांच्या यादीतील काही नावे सप्टेंबर किंवा मार्च महिन्यातील तारखा होऊन बसत. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी नावे बदलल्याचे नमूद केले. असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलमध्ये दिली.

मराठी मजकुराच्या बाबतीतही असा अनुभव येतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या सीएसव्ही फाइलच्या आरंभी विशिष्ट ओळखचिन्ह नसेल, तर ती थेट क्लिक करून एक्सेलमध्ये उघडल्यास देवनागरी अक्षरांऐवजी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसू शकते. लिबरऑफिस कॅल्क हा प्रोग्राम अशी फाइल उघडण्यापूर्वी अक्षरपद्धती कोणती, हे विचारणारी खिडकी दाखवतो. फाइल दोन्हीकडे तीच असते. चुकीने वाचलेली फाइल तशीच जतन केली, तर मात्र मूळ मजकूर गमावण्याची वेळ येते. दूरध्वनी क्रमांक किंवा हजेरी क्रमांक यांच्या आरंभीची शून्येही अशाच रीतीने नाहीशी होऊ शकतात.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफ फायली हे दुसरे उदाहरण. ई-आधार किंवा महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा अशा स्वरूपात मिळतो. स्वाक्षरी तपासू शकणाऱ्या प्रोग्राममध्ये तिच्या वैधतेची माहिती मिळते. अनेक ब्राउझरमधील अंगभूत पीडीएफ वाचक मात्र केवळ पान दाखवतात. पीडीएफची नेमणूक नकळत ब्राउझरकडे गेल्यास दस्तऐवज दिसतो, पण तो खरा असल्याची पडताळणी होत नाही.

संचालन प्रणालींची धोरणे

विंडोज

अमेरिकी सरकारबरोबरच्या स्पर्धाविषयक खटल्यातील तडजोडीनंतर मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये ब्राउझर, ईमेल, माध्यम-प्रोग्राम इत्यादींची नेमणूक बदलण्याची सोय एका ठिकाणी आणली. २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टात प्रोग्रामांनी आपल्या क्षमता नोंदवण्याची पद्धत ठरवण्यात आली आणि प्रत्येक वापरकर्त्याची निवड स्वतंत्रपणे साठवली जाऊ लागली. तरीही प्रोग्रामला स्वतःची नेमणूक करून घेणे शक्य होते.

२०१२ मधील विंडोज ८ पासून हे बदलले. वापरकर्त्याच्या निवडीसोबत एक गणिती पडताळणी-संकेत साठवला जाऊ लागला. कोणत्याही प्रोग्रामने रजिस्ट्रीत परस्पर नोंद केली, तर संकेत जुळत नाही आणि प्रणाली ती नोंद मानत नाही. नवीन प्रोग्राम आल्यावर प्रणाली स्वतः सूचना देते आणि निवड वापरकर्ता करतो.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोझिलाचे मुख्य कार्यकारी अधिकारी ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांना उद्देशून खुले पत्र प्रसिद्ध केले. नव्या आवृत्तीकडे जाताना वापरकर्त्यांची आधीची निवड डावलली जाते आणि ती परत मिळवणे कठीण केले आहे, अशी त्यांची तक्रार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत ब्राउझर बदलण्यासाठी प्रत्येक फाइल-प्रकाराची आणि दुव्याच्या प्रकाराची निवड स्वतंत्रपणे करावी लागे. त्यावर टीका झाल्यानंतर मार्च २०२२ मधील सुधारणेत ब्राउझरसाठी एकच बटण देण्यात आले.

मॅकओएस

मॅकओएसमध्ये प्रत्येक प्रोग्राम आपल्यासोबतच्या माहितीपत्रकात कोणत्या प्रकारच्या फायली उघडतो आणि त्यांच्याशी त्याचे नाते काय, हे नोंदवतो. स्वतः त्या स्वरूपाचा निर्माता, नेहमीचा हाताळणारा आणि केवळ पर्यायी, अशा श्रेणी त्यासाठी आहेत. वापरकर्त्याने काहीच निवडले नसेल, तेव्हा या श्रेणी विचारात घेतल्या जातात. ब्राउझर बदलण्याची विनंती एखाद्या प्रोग्रामने केल्यास प्रणाली वापरकर्त्याला विचारते आणि त्याने होकार दिल्यावरच बदल करते.

लिनक्स

लिनक्सवरील विविध डेस्कटॉपांसाठी फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने समान संकेत ठरवले आहेत. प्रोग्राम आपल्या वर्णन-फाइलमध्ये उघडता येणाऱ्या प्रकारांची यादी देतो. नेमणुका मात्र वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि त्यांत वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलला अग्रक्रम असतो. नोंदणी आणि नेमणूक यांतील भेद येथे रचनेतच दिसतो.

तथापि वापरकर्त्याने किंवा वितरकाने एखाद्या प्रकारासाठी काहीच ठरवले नसेल, तर नोंदणी केलेल्यांपैकी एखादा प्रोग्राम आपोआप निवडला जातो. एखाद्या मजकूर-संपादकाने आपण फोल्डरही उघडू शकतो, अशी प्रामाणिक नोंद केली आणि तो बसवताच सर्व फोल्डर त्यातच उघडू लागले, असे प्रसंग यातून उद्भवतात. येथे प्रोग्रामचा हेतू वाईट नसतो. नेमणुकीची जागा रिकामी असल्यामुळे नोंदणीलाच नेमणुकीचे रूप येते.

स्पर्धा आणि कायदा

प्रणाली पुरवणाऱ्याचा प्रोग्राम आधीपासून नेमलेला असणे हा स्पर्धेतील अडथळा ठरतो का, या प्रश्नावर अनेक देशांत निर्णय झाले आहेत. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने विंडोजमध्ये मीडिया प्लेअर अंतर्भूत करण्यासह अन्य कारणांसाठी मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअरविना विंडोज उपलब्ध करण्यास सांगितले. २०१० पासून युरोपातील विंडोजमध्ये ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवला जाऊ लागला. मध्यंतरी काही काळ तो दाखवला न गेल्यामुळे मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा आणखी दंड झाला.

युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यातील बंधने मोठ्या कंपन्यांना ७ मार्च २०२४ पासून लागू झाली. वापरकर्त्याला पूर्वनिर्धारित निवडी सहज बदलता आल्या पाहिजेत, हे त्यांपैकी एक आहे. विंडोज ही या कायद्याखाली येणाऱ्या प्रणालींपैकी एक होय.

भारतात भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडविषयीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. भ्रमणध्वनी प्रथम सुरू करताना वापरकर्त्याला शोधयंत्र निवडू द्यावे, असा निर्देशही त्या आदेशात होता. हे प्रकरण संगणकावरील फायलींचे नसले, तरी आधी ठरवलेल्या पर्यायाचे बळ त्यात केंद्रस्थानी होते. त्या बळाचे मोल अमेरिकेतील गूगलविरुद्धच्या खटल्यातही उघड झाले. विविध उपकरणांवर आणि ब्राउझरमध्ये आपले शोधयंत्र पूर्वनिर्धारित राहावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिल्याचे त्या खटल्यात नोंदले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला.

निर्बंधांवरील आक्षेप

प्रोग्रामांना नेमणूक बदलू न देण्याच्या निर्बंधांमुळे घातक प्रोग्राम आणि आगाऊ प्रोग्राम यांना आळा बसला, हे सामान्यतः मान्य केले जाते. आक्षेप आहे तो निर्बंधांच्या असमान वापरावर. बाहेरच्या प्रोग्रामने वापरकर्त्याला अनेक पडद्यांमधून जायला लावावे आणि प्रणालीसोबतच्या प्रोग्रामला मात्र सुधारणेच्या निमित्ताने नेमणूक परत मिळावी, अशी स्थिती असेल, तर कुलूप वापरकर्त्याच्या निवडीला नसून स्पर्धकांना लागते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. यावर संचालन प्रणालींच्या बाजूने असे उत्तर दिले जाते, की एखाद्या चांगल्या प्रोग्रामसाठी दार उघडे ठेवले तर त्याच दारातून घातक प्रोग्रामही आत येतात आणि यंत्राला हेतू ओळखता येत नाही. दोन्ही बाजूंना मान्य होऊ शकणारी कसोटी म्हणून समान नियमाकडे पाहिले जाते: बाहेरच्या प्रोग्रामला जे करण्यास मनाई आहे, ते प्रणालीसोबतच्या प्रोग्रामनेही करू नये.

रूढ संकेत

अनेक वर्षांच्या अनुभवातून प्रोग्रामच्या निर्मात्यांसाठी पुढील संकेत रूढ झाले आहेत.

• आपल्या खास स्वरूपाखेरीज इतर प्रकारांसाठी केवळ नोंदणी करावी. नेमणूक वापरकर्त्यावर सोडावी.
• विचारायचे झाल्यास एकदाच आणि नेमक्या प्रकारांची नावे देऊन विचारावे. ‘पुन्हा विचारू नका’ ही सोय द्यावी आणि ती पाळावी.
• चौकटींत आधीच खुणा करून ठेवू नयेत.
• नवीन आवृत्ती बसवताना आधीची निवड जशीच्या तशी ठेवावी.
• प्रोग्राम काढून टाकताना आपल्या नोंदीही काढाव्यात, म्हणजे फायली अनाथ राहणार नाहीत.

या बाबतीत प्रत्यक्षातील प्रथा भिन्न आहेत. उदाहरणार्थ, फायली संकुचित करणाऱ्या प्रोग्रामांपैकी विनरार बसवताना फाइल-प्रकारांची यादी पुढे ठेवतो. सेव्हन-झिप मात्र बसवताना नेमणुकांना हात लावत नाही आणि ज्याला हवे त्याने नंतर त्या स्वतः ठरवाव्यात, अशी सोय देतो.

नेमणूक पाहणे आणि बदलणे

विंडोजमध्ये फाइलवर उजवे क्लिक करून ‘याने उघडा’ हा पर्याय निवडता येतो. एकदाच वेगळा प्रोग्राम वापरायचा की नेहमीसाठी, हे तेथे ठरवता येते. सेटिंग्जमधील ॲप्स या विभागात सर्व नेमणुकांची यादी असते. मॅकओएसमध्ये फाइलच्या माहितीच्या खिडकीत प्रोग्राम निवडून तो त्या प्रकारच्या सर्व फायलींना लागू करता येतो. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपांत फाइलच्या गुणधर्मांच्या खिडकीत ही सोय असते. शाळा किंवा कार्यालयातील संगणकांवर व्यवस्थापकाने सर्वांसाठी नेमणुका ठरवून दिलेल्या असू शकतात.

एखादी फाइल अचानक अनोळखी खिडकीत उघडू लागल्यास फाइल बिघडली असे गृहीत धरू नये. प्रथम काही न बदलता आणि जतन न करता ती खिडकी बंद करावी, कोणता प्रोग्राम नेमला गेला आहे ते पाहावे आणि मगच नेमणूक पूर्ववत करावी.

हे सुद्धा पहा

• संचालन प्रणाली
• फाइल स्वरूप
• वेब ब्राउझर
• युनिकोड
• भारतीय स्पर्धा आयोग